पुढची महासाथ आणि रोज रात्रीचं ऑक्सिमीटर

जानेवारी २०२५ मध्ये नागपुरात एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरमध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावल्याची एक आणि एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूची दुसरी. त्यानंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी एकच प्रश्न घेऊन बरेच जण आले. पुन्हा कोरोनासारखं काही येणार का? त्यांच्यापैकी एका कुटुंबाची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ पंचेचाळिशीचे, इतवारीत इलेक्ट्रिकचं दुकान. त्यांना बायकोने आणलं होतं. बसता बसताच ती म्हणाली, "मॅडम, हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलच पाहून राहिले. तुम्हीच सांगून द्या यांना, की आता असं काही येत नाही म्हणून."

ते मी सांगितलं नाही. ते खरं नाही, आणि समोरच्या माणसाला हे माहीत होतं. घरचे सगळे 'काही होत नाही' म्हणत होते, म्हणून तर त्यांचा घरच्यांवरचा विश्वास उडाला होता. मी म्हटलं, "भाऊ, महासाथ पुन्हा येईल. कधी, ते कोणालाच माहीत नाही." त्यांचे खांदे जरा खाली आले. बायको मात्र माझ्यावर नाराज झाली.

मग त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. १९१८, १९५७, १९६८, २००९, २०२०. मधली अंतरं लाल पेनने लिहिलेली: ३९, ११, ४१, ११. "म्हणजे पुढची २०३१ ला," ते म्हणाले. बायकोने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, एक मोठा, एक लहान, असं चाललंय ना? मग आता चाळीसची पाळी. २०६० पर्यंत झोपा निवांत!" तिघंही हसलो. त्याच डायरीतून दोघांनी दोन वेगळी भविष्यं काढली होती. पहिल्या चार साथी फ्लूच्या, पाचवी कोरोनाची. विषाणूच वेगळे, तर त्यांना एकच वेळापत्रक कुठून असणार?

धोका खोटा नाही, हेही मी बोलले. जंगलं कमी होतात, हजारो कोंबड्या एका छताखाली वाढतात, प्राण्यांतला विषाणू माणसापर्यंत पोचायला वाटा वाढतात. १९१८ चा फ्लू मुंबईत जहाजाने आला होता, आज विमानाला एक दिवस पुरतो. पण हे गृहस्थ फक्त ही एकच बाजू वाचत होते. बर्ड फ्लूचा एच५एन१ माणसांत १९९७ मध्ये हाँगकाँगला दिसला, १८ जणांना लागण झाली, सहा गेले. तरी आजही तो माणसाकडून माणसाकडे सहज पसरत नाही. एचएमपीव्हीचा शोध तर २००१ चा. २००३ ची सार्स काही महिन्यांत आटोक्यात आली, केरळात २०१८ ला निपाह अडवला गेला. अडवलेल्या साथीची बातमी कोणी रात्री दोनला शोधत नाही.

एवढ्याने त्यांची झोप परत आली असती तर माझं काम फार सोपं असतं. खरी गोष्ट बायकोच्या तोंडून निघाली. रोज रात्री झोपण्याआधी हे चौदा वर्षांच्या मुलीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचे. नेलपॉलिशमुळे आकडा चुकतो असं कुठेतरी वाचलं, म्हणून तिला नेलपॉलिश बंद. थंडीतल्या एका रात्री आकडा ९१ आला. त्यांनी गाडीची चावी घेतली, मुलगी रडायला लागली, आईने तिचे गारठलेले हात चोळले, आणि आकडा ९८.

मी विचारलं, "किती आला की तुम्हाला भीती वाटते?"

"चौऱ्याण्णव."

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनात, त्यांच्या मोठ्या भावाचा आकडा ९४ होता. संध्याकाळची वेळ. 'उद्या पाहू' असं ठरलं. दुसऱ्या दिवशी बेडसाठी शहरभर फिरले, आणि भाऊ राहिला नाही. हे त्यांनी चार वर्षांत घरात कधी उच्चारलं नव्हतं. पुढची काही सत्रं आम्ही महासाथीवर बोललोच नाही, त्या संध्याकाळवर बोललो: तेव्हा घरात कोणाला काय माहीत होतं, डॉक्टर फोनवर काय म्हणाले होते, बेड होते तरी का.

माझं मत असं, की तयारी आणि पहारा यांतला फरक माणसाला हातात धरून दाखवावा लागतो. कागदपत्रांची एक फाईल, आरोग्य विमा, घरात मास्कचं एक खोकं, फ्लूच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलणं, ही तयारी. ती एकदा करून ठेवता येते. निरोगी मुलीचं रोज रात्री बोट धरणं हा पहारा, आणि त्याला शेवट नसतो. ऑक्सिमीटर बायकोच्या कपाटात गेलं. ताप, खोकला किंवा दम लागला तरच बाहेर. पहिला आठवडा त्यांना फार जड गेला. छातीत धडधड व्हायची, म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. अशा रात्री १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर बोलता येतं, हेही सांगून ठेवलं. बातम्या दिवसातून एकदा, संध्याकाळी, दुकानातच. बातमीत एकच पाहायचं: आजार माणसाकडून माणसाकडे पसरतोय असं आरोग्य विभाग म्हणतोय का?

हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं कॉन्सन्ट्रेटर यंत्र त्यांनी घेऊन ठेवलंय, ते विकायला मात्र ते तयार नाहीत. बायकोचं म्हणणं, हॉलमधली अर्धी भिंत गेली. मी मध्ये पडले नाही. नेलपॉलिश परत आली आहे, गडद निळी.

मधे त्यांचा फोन आला. २०२१ पासून रखडलेला शेजारचा गाळा भाड्याने घ्यायचा विचार होता. "पण मॅडम, मधेच काही आलंच तर?"

"करार अकरा महिन्यांचाच करा," मी म्हटलं, "आणि आधी सोडायचा झाला तर नोटीस किती दिवसांची, ते वकिलाकडून लिहून घ्या."