नकाशा नवा दिसतो म्हणून फसू नकोस

अरे, दांडिया बाजारच्या रद्दीवाल्याकडून खंभातच्या आखाताचा चार्ट, म्हणजे जहाजांसाठीचा सागरी नकाशा, उचललास, छान केलंस. पण खोलीचे आकडे वाचायला लगेच धावू नकोस. आधी खालचा समास बघ.

चौकटीबाहेर, तळाशी मधोमध, प्रकाशन कोणी आणि कधी केलं ते असतं. आपल्याकडचे चार्ट डेहराडूनचं नौसेनेचं जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. तिथेच नव्या आवृत्तीची तारीख शोध. नवी आवृत्ती निघाली की जुनी बाद, मग कागद कितीही कोरा असो.

खरी गंमत तळाच्या डाव्या कोपऱ्यात. तिथे वर्ष आणि पुढे नाविक-सूचनांचे, म्हणजे चार्टमधल्या दुरुस्त्या कळवणाऱ्या पत्रकांचे, क्रमांक असतात, बहुतेक किरमिजी शाईत, हाताने लिहिलेले. प्रत्येक सूचनेत त्या चार्टची आधीची दुरुस्ती कोणती हे छापलेलं असतं. ते तुझ्या शेवटच्या क्रमांकाशी जुळलं नाही, तर मधली एखादी सुटली समज. तात्पुरत्या सूचना मात्र पेन्सिलीनेच. मी जहाजावरच्या पहिल्या वर्षी एक शाईने लिहिली आणि सेकंड ऑफिसरने सगळ्यांसमोर ब्लेड हातात दिलं, खरवड म्हणून!

आणि प्रकाशनाचं साल म्हणजे सर्वेक्षणाचं साल नव्हे. ते चार्टवरच्या छोट्या सर्वेक्षण-आकृतीत सापडतं, कुठला भाग कधी मोजला ते दाखवणाऱ्या. खंभातात वाळूचे दांडे सरकतात, भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. तिथे जुन्या मोजमापावर विसंबणं म्हणजे डोळे मिटून चालणं.

रविवारी चार्ट घेऊन ये. शेव-उसळ आधी खाऊ, हात धुऊन मग उलगडू.