ओफ्रेंदावर आजोबांचा फोटो ठेवायचा का?

प्रश्न: आम्ही गेल्या वर्षी मेक्सिकोत, ग्वादलाहाराला लागून असलेल्या सापोपानमध्ये राहायला आलो. मुलगी दुसरीत आहे. शाळेत मृतांच्या दिवसासाठी ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्यांच्या आठवणीची टेबलावरची मांडणी, करणार आहेत, त्यासाठी घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो मागितलाय. तिला आजोबांचा द्यायचाय. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "पितृपंधरवडा झाला की आत्ताच. त्यांच्या मांडणीत आपलं माणूस कशाला?" शिवाय शेजाऱ्यांनी ह्यांना बाळाच्या बाप्तिस्म्यात पाद्रिनो (धर्मपिता) व्हा म्हणून गळ घातलीय. कशाला हो म्हणावं आणि कशाला नाही?

उत्तर: फोटो द्या. मूळ प्रत मात्र घरीच ठेवा. मेणबत्त्या, पाणी आणि दुसरीतली मुलं एकाच टेबलाभोवती असणार आहेत.

मेक्सिकोच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानुसार सरकारी शिक्षण धर्मनिरपेक्ष असतं, तरी ओफ्रेंदा सरकारी शाळांतही मांडतात. त्यात चर्चबरोबर जुन्या स्थानिक लोकांचाही वाटा आहे. १ नोव्हेंबर गेलेल्या मुलांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा. टेबलावर पाणी, मीठ, कोपालचा धूप, गोड पाव आणि त्या माणसाला आवडायचं ते खाणं ठेवतात. सासूबाईंशी वाद घालू नका. "बाबांना काय आवडायचं, काय ठेवू?" एवढंच विचारा. बहुतेक त्या स्वतःच यादी सांगतील. आणि भोवती जो झेंडू असेल तो मूळचा मेक्सिकोचाच. दसऱ्याचं आपलं तोरण त्यांच्याकडून आलेल्या फुलाचं आहे, हेही त्यांना सांगा. साखरेच्या कवट्यांवर इथे जिवंत मित्रांची नावं लिहून भेट देतात. मुलगी स्वतःच्या नावाची कवटी घेऊन आली तर दचकू नका. व्हिडिओ कॉलवर ती दाखवायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

पाद्रिनोचं उत्तर वेगळं आहे. बाप्तिस्म्यातला पाद्रिनो बाळाला कॅथलिक श्रद्धेत वाढवायला मदत करण्याची जबाबदारी देवासमोर घेतो. तो दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेला कॅथलिक असावा आणि साधारण सोळा वर्षांचा तरी असावा, असा चर्चचा नियम आहे. म्हणजे ह्यांना ते होताच येणार नाही. पण नुसतं "नाही" म्हणून गप्प बसलात तर शेजारी दुखावतील. त्यांनी तुम्हाला कोंपाद्रे मानायचं ठरवलंय, म्हणजे जवळजवळ सोयरीकच. नियम सांगा आणि त्याच दमात म्हणा, "केकचे पाद्रिनो आम्ही होतो." इथे समारंभात केकला, संगीताला, फुलांना वेगवेगळे पाद्रिनो असतात आणि ते खर्च उचलतात. खर्च किती, ते आधी मोकळेपणाने विचारून घ्या.

चर्चमध्ये जरूर जा. सगळे उभे राहिले की उभं राहा, शांतीसाठी हात पुढे आला की हात मिळवा. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, रांगेत मात्र जाऊ नका आणि मुलीलाही आधीच समजावा. शाळा कॅथलिक संस्थेची असेल तर पहिल्या कम्युनियनची तयारी वर्गातच असते का, हे आत्ताच विचारा.

"तुमच्याकडे कॅथलिक आहेत का?" असं कुणी विचारलंच, तर वसईच्या गोन्सालो गार्सियांचं नाव घ्या. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारल्या गेलेल्या २६ जणांत ते होते आणि मेक्सिकोचे पहिले संत फेलिपे दे हेसूसही. दोघांनाही १८६२ मध्ये संतपद मिळालं. कुएर्नावाकाच्या कॅथीड्रलच्या भिंतींवर त्या प्रसंगाची जुनी चित्रं आहेत. सुट्टीत नक्की बघा. वसईकरांचं एवढ्या लांबचं चित्र सहज सापडत नाही.

१२ ऑक्टोबरची रोमेरिया, म्हणजे मेरीमातेच्या मूर्तीची यात्रा, तर तुमच्या दारातच आहे, ती चुकवू नका. मक्याच्या ताटांच्या भुग्यापासून घडवलेली छोटी मूर्ती ग्वादलाहाराच्या कॅथीड्रलमधून सापोपानच्या बॅसिलिकात परतते, सोबत दहा लाखांहून अधिक माणसं आणि पिसांचे मुकुट घातलेले नर्तक. वारी पाहिलेल्याला हे परकं वाटणार नाही. मूर्तीची गाडी इंजिन बंद ठेवून दोरखंडांनी ओढतात. २०१८ मध्ये युनेस्कोनेही ह्या रोमेरियाची नोंद घेतली. रस्ते बंद असतात, तेव्हा पायीच निघा.

खाण्यापिण्याची चौकशी मात्र मनमोकळी करा, त्यात कुणी वाईट मानत नाही. १६ ते २४ डिसेंबरच्या पोसादांत, म्हणजे नाताळाआधीच्या समारंभांत, पेरू, ऊस आणि दालचिनीचं पोंचे हे गरम पेय मिळतं. मोठ्यांच्या पेल्यात दारू असू शकते. पोसोले ह्या मक्याच्या रश्श्यात बहुधा डुकराचं मांस असतं. तमालेसमध्ये, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या गुंडाळ्यांत, सारण चीज-मिरचीचं असलं तरी पिठात बहुधा डुकराची चरबी असते. "येवा मांतेका?" (ह्यात चरबी आहे का?) हा प्रश्न पाठ करा. ६ जानेवारीच्या रोस्का पावात लपवलेला बाहुला तुमच्या तुकड्यात निघाला, तर २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमालेस खायला घालायची पाळी तुमची. तेव्हा बिनचरबीचे तमालेस करून देणारी बाई जानेवारीतच गाठून ठेवा.