नव्या टँकमधली तपकिरी वाळू

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी तीन फुटी मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक लावला. पांढरी वाळू, दगड आणि आता दोन क्लाउनफिश आहेत. गेल्या आठवड्यापासून वाळूवर कोको पावडर भुरभुरल्यासारखा तपकिरी थर दिसतो. रोज सकाळी ब्रशने हलवते, दुपारी पुन्हा तेच. पाणी घरच्या आरओचं वापरते. दुकानदाराने शेवाळ मारायचं औषध दिलंय. टाकू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नका टाकू. बाटली फोडली नसेल तर दुकानात परत करा. अशा काही औषधांत तांबं असतं. माशांना ते एक वेळ सोसेल, पण पुढे शंख, खेकडे किंवा प्रवाळ ठेवायचे झाले तर हेच तांबं त्यांच्या जिवावर उठतं, आणि दगड-वाळूत एकदा मुरलं की सहजी निघत नाही.

तुमच्या वर्णनावरून हे डायटम वाटतात. हे एकपेशीय जीव स्वतःभोवती सिलिकाचं कवच बांधतात. नव्या टँकमध्ये सिलिकेट मिळतं आणि जागेसाठी भांडणारं दुसरं कोणी अजून रुजलेलं नसतं, म्हणून पहिल्या काही महिन्यांत यांचं फावतं. सिलिकेटचा पुरवठा तुटला की बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपसूक ओसरतात.

पुरवठा कुठून होतोय, तर माझा संशय तुमच्या आरओवर आहे. घरातला आरओ पिण्यासाठी असतो. चवीसाठी त्यात बरेचदा थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं, नाहीतर मिनरलचं काडतूस बसवलेलं असतं. आरओच्या पाण्यात टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून पाहा. पिण्याला ५० चालतो, मरीन टँकच्या पाण्याला मीठ घालण्याआधी ० हवा. त्यासाठी मिसळणी नसलेला आरओ घ्या आणि त्यातून निघणाऱ्या पाण्याला डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे दाणे) लावा. एक गोम मात्र आहे : रेझिन थकायला लागलं की सिलिका सर्वांत आधी निसटते आणि मीटरला ती जवळपास दिसतच नाही. मीटर ० दाखवतोय म्हणून निर्धास्त राहू नका. रंग बदलणारं रेझिन घ्या आणि रंग तळापासून वरपर्यंत चढायच्या आत बदला. रोज आटलेल्या पाण्याची भर घालायलाही हेच पाणी. वाफ होऊन फक्त पाणी जातं, त्यातलं बाकी सगळं टँकमध्ये साठत राहतं.

ब्रश बंद करा. थर उडतो, पाण्यात फिरतो आणि परत बसतो. आठवड्याला पाणी बदलताना नळीने वरचा पापुद्रा तेवढा ओढून घ्या. दिवे सहा-सात तास पुरेत. चार-पाच सेरिथ शंख सोडा, ते वाळूवर चरतात. टर्बो शंख नको, तो दगड पाडत फिरतो.

आता एक खात्री करून घ्या. थराला चिकट तार सुटत असेल, तारेत बुडबुडे अडकलेले असतील आणि रात्री तो विरळ होऊन दिवे लागल्यावर परतत असेल, तर ते डायनोफ्लॅजेलेट (दुसऱ्या जातीचे एकपेशीय जीव) असू शकतात. थोडा थर पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि ते गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा तारा-गोळे जमले तर संशय पक्का धरा. मग उपाय उलटा : नायट्रेट आणि फॉस्फेट (पाण्यातली पोषकद्रव्यं) मोजा. बहुधा दोन्ही शून्याला टेकलेली सापडतील, ती थोडी वर आणावी लागतात आणि पाणी सारखं बदलणं थांबवावं लागतं. लालसर-जांभळा थर चादरीसारखा सोलून निघत असेल, तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू. तिथे पाण्याचा प्रवाह वाढवा आणि माशांचं खाणं कमी करा.

पांढऱ्याशुभ्र वाळूचा हट्ट मात्र मला कळत नाही. अलिबागची वाळू काळसर म्हणून आपण तिथे जायचं थोडंच सोडतो? (ती वाळू टँकमध्ये आणू नका, हेही सांगून ठेवते.)

प्रश्न : या थराने क्लाउनफिश आजारी पडतील का? तिसरा मासा कधी घेऊ?
– तीच वाचक

उत्तर : डायटमने त्यांना काही होत नाही. तिसऱ्याची घाई नको. थर ओसरू द्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकू द्या, मग बोलू. आणि तो तिसरा क्लाउनफिश असेल तर घेऊच नका. जोडी जमली की दोघं मिळून त्याला छळतात.