सोलापूरजवळच्या गायरानाची जैवविविधता कशी मोजावी? तिथं झाडं लावावीत का?

तुमचं गायरान 40 एकर, नान्नजच्या बाजूला, आणि पंचायत तिथं झाडं लावायच्या विचारात आहे. माझं पहिलं सांगणं हेच की मोजणी होईपर्यंत एकही खड्डा खणू देऊ नका. माळरान म्हणजे ओसाड जमीन नव्हे. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली झालं ते याच उघड्या गवताळ माळासाठी. धाविक, चंडोल, पखुर्डी हे माळावरचे पक्षी, तसंच काळवीट, लांडगा यांना मोकळाच माळ लागतो. दाट लागवड झाली की हे जातात आणि कुठंही राहणारे बुलबुल, साळुंक्या येतात. पक्ष्यांचा आकडा वाढलेला दिसतो, पण माळ गेलेला असतो. म्हणून नुसती जातींची संख्या पाहू नका, कोणत्या जाती आहेत ते पाहा.

गवतापासून सुरुवात करा. गवतं तुऱ्यावरून ओळखतात, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबर हीच वेळ. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन 1 मीटर बाय 1 मीटरची चौकट करा. नकाशावर चौकोन आखा, नंबर घाला आणि चिठ्ठ्या काढून जागा ठरवा. डोळ्यांनी निवडायला गेलात तर पाय आपोआप हिरव्या भागाकडे वळतात आणि सगळी मोजणी फसते. गवताची रोपं मोजत बसू नका, ठोंब एकमेकांत मिसळलेले असतात. प्रत्येक जातीनं किती टक्के जमीन झाकली ते लिहा, उघडी माती आणि दगडसुद्धा. दर चौकटीनंतर एकूण जाती किती झाल्या ते मांडा. ओळीनं पाच-सहा चौकटींत नवी जात मिळाली नाही की तिथं थांबायला हरकत नाही.

आता हिशोब. समजा दोन तुकड्यांत चार-चारच जाती आहेत. एकात प्रत्येकीचा वाटा 25 टक्के, दुसऱ्यात एकीचा 85 आणि बाकीच्यांचा 5-5. शॅननचा निर्देशांक, म्हणजे जाती किती आणि त्यांचे वाटे किती सारखे हे एका आकड्यात सांगणारं माप, पहिल्याला 1.39 येतो, दुसऱ्याला 0.59. प्रत्येक वाट्याला (25 टक्के म्हणजे 0.25) त्याच्याच नैसर्गिक लॉगनं गुणायचं, बेरीज करायची, चिन्ह उलटं करायचं; एक्सेलमध्ये सहज होतं. पवन्या, मारवेल ही गुरांची आवडती गवतं, चराई वाढली की आधी तीच कमी होतात आणि कुसळी गवत माजतं. हा बदल जातींच्या यादीत दिसत नाही, टक्क्यांत दिसतो.

पक्ष्यांसाठी 40 एकरांत एकमेकांपासून 200 मीटरवर चार ठिकाणं पुरतात. सूर्योदयानंतरच्या दोन तासांत प्रत्येक ठिकाणी 10 मिनिटं उभं राहा. सप्टेंबर, जानेवारी, मे अशी वर्षातून तीनदा मोजणी करा. जानेवारी चुकला तर भोवत्यासारखे (हॅरियर, शिकारी पक्षी) हिवाळी पाहुणे नोंदीतून सुटतील. दरवर्षी ठिकाणं, वेळ आणि शक्यतो माणसंही तीच ठेवा. एका वर्षी दोन जण आणि पुढच्या वर्षी दहा जण गेले, तर वाढलेले पक्षी माणसांमुळे दिसलेले असतात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नका. टिटवी, धाविक, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, म्हणून मे महिन्यात पाऊल जपून टाका.

संवर्धनात सगळ्यात फळ देणारं काम म्हणजे चराईचं नियोजन. गायरानाचे तीन भाग करा आणि जूनपासून बी झडेपर्यंत एक भाग बंद ठेवा, दरवर्षी वेगळा. हे मेंढपाळांना सोबत बसवूनच ठरवा; त्यांच्याशिवाय ते टिकणार नाही, आणि लांडगा-खोकडाची खरी माहितीही त्यांच्याकडेच असते. वणवा लावू नका. वेडी बाभूळ वरून तोडली की दुप्पट फुटते, जमिनीखाली वीत-दीड वीत खोदून बुंधा मुळाशी काढा. लागवड करायचीच तर गावठाणात, रस्त्याकडेला, ओढ्याच्या काठी करा. माळावर पाणी अडवायला सलग चर खणले तरी गवताचा वरचा थर उलटतो आणि तो लवकर भरून येत नाही.

सगळ्या नोंदी जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे, लोक जैवविविधता नोंदवहीसाठी (गावातल्या जीवजातींची अधिकृत नोंद) द्या. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. पंचायतीपुढे लागवडीला हरकत घेताना ही नोंद हाताशी असू द्या. घरटी आणि लांडग्यांच्या बिळांच्या जागा मात्र व्हॉट्सअॅपवर किंवा नकाशासकट कुठंही टाकू नका.