कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर स्कूबाला निघतोयस तर...

भावा, पंचगंगेत बुडी मारताना दम धरतोस, स्कूबात, म्हणजे टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहताना, तो अजिबात धरायचा नाही. श्वास चालूच ठेव, वर येताना तर नक्कीच. कोंडलेली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. खाली जाताना कान दुखायच्या आधीच नाक दाबून हलकं फुंकत राहा. लायनफिश दिसला तर लांबूनच बघ. देखणा गडी, पण काटे विषारी. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण जिवंत असतं. हात टेकू नकोस.

आणि डाइव्ह झाली की लगेच घाट चढू नकोस. आपलं कोल्हापूर साधारण 550 मीटरवर. उंचीवर दाब घटतो, अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. एकाहून जास्त डाइव्ह केल्यास विमानाआधी 18 तास थांबतात, तसाच मुरुडेश्वरला मुक्काम कर. तांबडा-पांढरा कुठं पळून जात नाही.