अभिसरण नेमके कशाचे?

इंदूरच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न असा आहे: "माझी मुलगी अकरावीत हिंदी माध्यमातून भूगोल शिकते. तिच्या पुस्तकात पृथ्वीच्या पोटातील उष्ण प्रवाहांना 'संवहन धारा' म्हटले आहे आणि दोन प्लेटा (पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचे प्रचंड तुकडे, मराठीत भूपट्ट) जिथे एकमेकींकडे येतात त्या सीमेला 'अभिसरण सीमा'. तिच्या मामाने पुण्याहून पाठवलेल्या मराठी पुस्तकात मात्र त्या उष्ण प्रवाहांचेच नाव 'अभिसरण प्रवाह' असे आहे. यातले खरे अभिसरण कोणते? 'परिभ्रमणा'चाही असाच काहीतरी घोळ आहे, असे ती म्हणते."

मुलीची शंका अगदी योग्य आहे. महाराष्ट्रातल्या मुलाला ती सहसा पडणार नाही, कारण त्याच्यासमोर एकच परिभाषा असते. आपल्याकडे घरात एक आणि शाळेत दुसरी अशी दोन्ही पुस्तके एकाच टेबलावर येतात आणि एकच संस्कृत शब्द दोन वेगळ्या कामांवर नेमलेला दिसतो.

उष्णता एका जागेवरून दुसरीकडे जाण्याचे तीन प्रकार मराठी विज्ञानात वहन, अभिसरण आणि प्रारण या नावांनी शिकवतात. हिंदीत त्यांनाच चालन, संवहन आणि विकिरण म्हणतात. तिन्हींपैकी एकही जोडी जुळत नाही, हे एकवेळ चालले असते. पण मराठीतले 'वहन' म्हणजे सळईचे एक टोक तापवल्यावर दुसरे टोक तापणे, आणि हिंदीतले 'संवहन' म्हणजे तापलेला द्रवच वर चढून उष्णता नेणे. धातू तोच, वह्, पण अर्थाने शब्द शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलेला. 'संवहन म्हणजे आपले वहनच असणार' असे समजून बसलेली हुशार मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांना दोष देण्याचे मला धैर्य होत नाही.

आता 'अभिसरण'. धातू सृ, म्हणजे जाणे, सरकणे. मराठीतले 'सरणे' त्याच कुळातले. 'अभि' या उपसर्गाचा ठळक अर्थ 'कडे', 'च्या दिशेने' असा असल्यामुळे संस्कृतात अभिसरण म्हणजे कुणाकडे तरी जाणे, भेटीला जाणे. साहित्यशास्त्रातल्या आठ नायिकांपैकी प्रियकराच्या भेटीला निघालेली ती अभिसारिका. दोन प्लेटा एकमेकींच्या भेटीला निघाल्या आहेत, असे मनाशी धरले, तर हिंदीची योजना व्युत्पत्तीला धरून आहे हे मान्य करावेच लागते.

मराठीत मात्र या शब्दाचा संसार वेगळ्या घरी झाला. 'रक्ताभिसरण' हा शब्द आपल्याकडे इतका रुजला आहे की अभिसरण म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात भेट येत नाही, फिरणे येते: निघायचे, सगळीकडे पोहोचायचे आणि पुन्हा मूळ ठिकाणी परतायचे. हिंदी यासाठी 'परिसंचरण' म्हणते. 'चलनाचे अभिसरण' आणि 'सामाजिक अभिसरण' हे प्रयोगही याच अर्थाचे. संस्कृतात 'अभितः' या अव्ययाचा अर्थ 'दोन्ही बाजूंना', 'सभोवती' असा होतो, हे लक्षात घेतले तर मराठीने उपसर्गावर फारशी जबरदस्ती केली असेही म्हणता येत नाही. शिवाय उष्ण द्रव वर येतो, पसरतो, निवतो, खाली जातो आणि पुन्हा तापतो, हे चक्र 'अभिसरण' या शब्दाने मराठी कानाला आपोआप सुचते. 'संवहन' हा शब्द वाहून नेण्यावर भर देतो आणि परत येणे सोडून देतो. केवळ या एका ठिकाणी मला मराठी शब्द अधिक बोलका वाटतो.

दोन्ही अर्थ एकाच भांड्यात पाहायचे असतील तर इंदूरच्या सराफा बाजाराकडे जाताना दुधाच्या एखाद्या मोठ्या कढईपाशी पाच मिनिटे थांबावे. खालचा जाळ सर्वत्र सारखा नसतो. बहुधा दोन ठिकाणी दूध अधिक तापते, तिथून फुगून वर येते आणि चहूकडे सरकते. वरची पातळ साय त्याच्याबरोबर ओढली जाते. एका उकळीची साय आणि दुसऱ्या उकळीची साय मध्ये कुठेतरी भिडतात आणि तिथे सुरकुतीची एक जाड वळकटी उभी राहते. त्या वळकटीखाली निवलेले दूध खाली जात असते, पण ते आपल्याला दिसत नाही. वळकटी जिथे पडली तिथे हिंदीचे अभिसरण झाले. खालून वर आणि वरून खाली चाललेला दुधाचा सगळा फेरा हे मराठीचे अभिसरण.

ही उपमा मुलीला जरूर सांगावी, पण तीत दोन उणिवा आहेत, त्याही सांगाव्यात. पहिली ही की भूकवचाखालचे सुमारे २,९०० किलोमीटर जाडीचे प्रावरण दुधासारखे द्रव नाही. ते जवळजवळ सगळे घन खडकाचे आहे आणि तरीही प्रचंड उष्णतेत व दाबाखाली वर्षाला काही सेंटीमीटर इतक्या संथपणे वाहते. (प्रावरण म्हणजे अंगावर पांघरायचे वस्त्र, हिंदीत 'मैंटल'च्या जोडीने येणाऱ्या 'प्रावार' या शब्दाचा अर्थही तोच, त्यामुळे निदान इथे दोन्ही बहिणींचे एकमत आहे.) दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. ब्रिटिश भूवैज्ञानिक आर्थर होम्स यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस प्रावरणातील अभिसरण प्रवाहांची कल्पना मांडली, तेव्हा खंड त्या प्रवाहांवर सायीसारखे वाहून नेले जातात, असे चित्र होते. आज मात्र भूपट्ट हे नुसते प्रवासी मानले जात नाहीत. थंड आणि जड झालेली सागरी भूपट्टाची कड प्रावरणात बुडते आणि मागचा पट्ट आपल्यामागे ओढून नेते. हे ओढणे भूपट्टांच्या गतीचे प्रमुख कारण समजले जाते. साय स्वतःच्या वजनाने बुडत दुधाला फिरवू लागली असती, तर उपमा पूर्ण झाली असती.

हिंदी पुस्तकातल्या 'अभिसरण सीमे'चे सर्वांत जवळचे उदाहरण हिमालय. भारतीय भूपट्ट आशियाला भिडायला सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरुवात झाली आणि आजही तो वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर या वेगाने ईशान्येकडे सरकत आहे. मराठीतल्या अभिसरणाची खूण तर इंदूरकरांच्या पायाखालीच आहे असे मानता येईल: माळव्याची काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून झाली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि तो लाव्हा प्रावरणातून वर चढलेल्या उष्ण स्तंभामुळे आला असे पुष्कळ भूवैज्ञानिक मानतात.

व्यवहारासाठी माझे मत सरळ आहे. उत्तरपत्रिका हिंदीत असेल तर 'संवहन' आणि 'अभिसरण सीमा' हेच लिहावे. परीक्षकाला मराठी समजावून सांगण्याची ती जागा नव्हे. मराठीत लिहिताना 'अभिसरण' हा शब्द प्रवाहांसाठी राखून ठेवावा आणि सीमेसाठी 'एकमेकांकडे सरकणाऱ्या भूपट्टांची सीमा' असे उलगडून लिहावे. काही जण 'अभिसारी सीमा' लिहितात. व्याकरणाने त्यात चूक नाही, परंतु त्याच परिच्छेदात 'अभिसरण प्रवाह' आले की वाचक अडखळतो, म्हणून मी ते टाळतो.

'परिभ्रमणा'चा घोळ त्याहून बिकट आहे, कारण तिथे अर्थ जवळपास उलटा होतो. मराठी शालेय परिभाषेत पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे म्हणजे परिवलन आणि सूर्याभोवती फिरणे म्हणजे परिभ्रमण. हिंदीत स्वतःभोवती फिरण्याला घूर्णन आणि सूर्याभोवती फिरण्याला परिक्रमण म्हणतात, पण काही हिंदी पुस्तके घूर्णनालाच 'परिभ्रमण' हे दुसरे नाव देतात. गुजरातीतही परिभ्रमण म्हणजे स्वतःभोवती फिरणेच, तेव्हा बडोद्याच्या मराठी घरांतही हीच अडचण येत असणार. इथे शब्दावर विसंबू नये, आकडा पाहावा: २३ तास ५६ मिनिटे असेल तर स्वतःभोवतीची फेरी, सुमारे ३६५ दिवस ६ तास असेल तर सूर्याभोवतीची.

त्या दुसऱ्या फेरीच्या वाटेला दोन्ही भाषा एकमताने 'कक्षा' म्हणतात. फक्त आपल्या इंदुरी मराठीत 'ती अकरावी कक्षेत आहे' असे सर्रास बोलले जाते. पुण्याच्या मामासमोर तेवढे 'इयत्ता अकरावी' म्हणावे, नाहीतर भाची कोणत्या ग्रहाभोवती फिरते आहे, असे तो विचारील.