सुट्टीत फिरायला किती खर्च करावा? आधी अख्ख्या उन्हाळ्याचा हिशेब लिहा

दादा, तुमचा प्रश्न असा आहे: मंगरूळपीर तालुक्यात सहा एकर कोरडवाहू, घरात आई धरून पाच माणसं, लेकरं बारा आणि आठ वर्षांची. शेजारचे मनालीला जाऊन आले, तेव्हापासून पोरं मागे लागली आहेत. आपल्यासारख्या घरानं फिरण्यावर किती खर्च करावा, आणि नुकतंच खात्यात आलेल्या पीककर्जातून तीस-चाळीस हजार वळवले तर चालतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. त्या पैशाला हात लावू नका.

मी दर्यापूर तालुक्यातली, खारपाणपट्ट्यातली. आमचं सात एकर वावर आहे, त्यात चार एकर कपाशी, बाकी तूर आणि हरभरा. गावातल्या आमच्या बचत गटाचं दप्तर अकरा वर्षांपासून माझ्याकडे आहे. कर्ज मागताना अर्जात कारणाचा रकाना असतो. त्यात ‘सहल’ असं आजपर्यंत एकाही बाईनं लिहिलेलं नाही. ‘घरखर्च’ लिहितात, ‘दवाखाना’ लिहितात, ‘मुलांचं शिक्षण’ लिहितात. पण मे महिन्यात घेतलेला पैसा कुठं गेला हे जूनमध्ये बरोबर कळतं, कारण तेव्हा तीच बाई बियाण्यासाठी परत येते.

चार वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका घरानं असंच केलं. पीककर्ज आलं, उत्तरेकडची टूर ठरली, माणशी दर स्वस्त वाटला. परत आले तेव्हा पंचावन्न हजार गेले होते आणि मृग चार दिवसांवर होता. बी उधारीवर घ्यावं लागलं. उधारीत एक गोष्ट होते जी शेतकरी माणसाला लगेच समजेल: वाण आपण निवडत नाही, दुकानदार देईल ते घ्यावं लागतं आणि वर भावही तो म्हणेल तोच. त्या वर्षी त्यांच्या वावरात दोनदा पेरणी झाली. ती बाई मला म्हणाली, ‘माय, फिरून आलो ते बरंच झालं वं, पण पैसा चुकीचा होता.’ तिच्या या बोलण्यात सगळं आलं. फिरणं चुकीचं नव्हतं.

तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे आपल्याला व्याज शून्य पडतं. हे कर्ज नेमकं सुट्टीच्या दिवसांत हातात येतं, म्हणून मोह होतो. पण तो पैसा सुट्टीचा नाही, पेरणीचा आहे. २०२५ च्या हंगामात बीटी कपाशीची एक पिशवी ९०१ रुपयांची होती. एकरी दोन पिशव्या धरल्या तर माझ्या चार एकराला आठ, म्हणजे नुसत्या बियाण्याचे ७,२०८ रुपये. खत, नांगरट, वखरणी, मजुरी वेगळीच. तुमच्याकडे सोयाबीन असेल. घरचं बी उगवणशक्ती तपासून ठेवलं असेल तर थोडा आधार आहे, तरी खत विकतच आणावं लागतं.

आता पहिला प्रश्न. किती खर्च करावा हे ठरवण्याआधी एक काम करा: उन्हाळ्यात घरातून एकूण किती पैसा बाहेर जातो ते वहीत लिहा. आपल्याकडे सुट्टीचा खर्च म्हटलं की लोक फक्त गाडीभाडं आणि हॉटेल मोजतात. खरा खर्च घरात बसूनच होतो आणि तो कोणी मोजत नाही.

माझी २०२५ ची वही समोर आहे. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमच्या घरातून ४९,३०० रुपये गेले. त्यात सगळ्यात मोठा आकडा लग्नसराईचा आहे, १६,३००. जवळची-दूरची मिळून सात लग्नं, त्यातलं एक दिराच्या मुलीचं. आहेर, कपडे, आणि एका लग्नाला सगळ्या भाऊबंदांनी मिळून केलेल्या गाडीचा आमचा वाटा. त्याखालोखाल पाहुणे. दोन्ही नणंदा लेकरांसह पंधरा दिवस आल्या होत्या, तेव्हाचा किराणा, दूध, आंबे आणि बर्फ मिळून ९,८००. त्यात पाण्याच्या कॅनसुद्धा आहेत. आमच्या विहिरींचं पाणी खारं, शहानूर धरणाचं पाणी उन्हाळ्यात रोज येईलच असं नाही, त्यामुळे अकरा माणसांचं घर झालं की प्यायचं पाणी विकत घ्यावं लागतं. त्या परत निघाल्या तेव्हाची बोळवण, म्हणजे साड्या आणि भाचरांचे कपडे, ५,६००. कूलरच्या नव्या ताट्या, जळालेला पंप आणि वाढलेलं वीजबिल ३,४००. कुरड्या, पापड, मुगवड्या आणि शेवयांचं वाळवण २,९००. मी स्वतः आठ दिवस माहेरी गेले त्याचे २,१००. आणि चिखलदऱ्याची सहल ९,२००.

म्हणजे ज्या खर्चावरून घरात सगळ्यात जास्त वाद झाला, तो एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होता. वीजबिलाचंच घ्या. दोनशे वॅटचा कूलर बारा तास चालला की रोज सुमारे अडीच युनिट, महिन्याला सत्तरच्या वर. दुसरा कूलर लावला की महावितरणची शंभर युनिटांची पायरी ओलांडली जाते आणि त्यापुढच्या युनिटाचा दर एकदम चढतो. आमच्याकडे पाहुणे आले की आता सगळे एकाच खोलीत, एकाच कूलरसमोर झोपतात. लेकरांना तर तेच आवडतं.

पाहुण्यांवर खर्च करू नका असं मी म्हणत नाही. नणंदेला माहेर म्हणजे काय ते मला माझ्या माहेरावरून कळतं. मामाच्या गावचा आमरस खाल्लेलं लेकरू तो आयुष्यभर विसरत नाही. पण बोळवणीच्या साड्यांबद्दल आम्ही नणंदांशी उघड बोललो. आता एका वर्षी साडी आणि एका वर्षी नुसती खणा-नारळानं ओटी. मोठी नणंद म्हणाली, ‘वहिनी, पेटीत ठेवायले जागा नाही, मीच सांगनार होती.’ हे बोलायला आम्हाला सोळा वर्षं लागली. आहेराचंही तसंच. भाऊबंदांनी बसून आकडा ठरवला तर कोणाचाच मान जात नाही.

आता फिरण्याबद्दल. तुम्ही विचारलं म्हणून आकडा सांगते: तुमच्या घराला दहा ते बारा हजार, आणि तेही तूर विकताना बाजूला काढलेले. मे महिन्यात शोधलेले नकोत. यंदा तसे काढले नसतील तर एक मुक्काम करा, तीन-साडेतीन हजारांत करा, पण जा. पुढच्या वर्षीसाठी आमच्यासारखं करता येईल. गटाबाहेर सहा घरांची फिरण्याची भिशी आहे. जुलै ते एप्रिल दर महिन्याला पाचशे, म्हणजे प्रत्येक घराचे पाच हजार होतात. ते कोणी मध्ये मागायचे नाहीत. उरलेले तुरीच्या पैशातून.

आमचे ९,२०० कसे लागले ते सांगते, कारण तुम्हाला अंदाज हवा आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट २०२३ च्या मार्चपासून आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट. आमच्या पाच जणांत पूर्ण तिकीट फक्त ह्यांचं. माझं आणि तेरा वर्षांच्या मुलीचं अर्धं, मुलगा नऊचा म्हणून अर्धं, सासूबाई शहात्तरच्या, त्यांचं काहीच नाही. परतवाड्याला गाडी बदलून येऊन-जाऊन आठशेच्या आत झालं. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, म्हणून पचमढी नकाशावर जवळ वाटली तरी खर्चात लांब पडते. चार खाटांची एक मोठी खोली दोन रात्री ४,४००. एक दिवस जीप करून गाविलगड, भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट हे सगळं पाहिलं, तिचे १,६००. जेवणाचे १,७००, कारण पहिल्या दिवशीच्या दशम्या आणि जवसाची चटणी घरून नेली होती. रबडी आणि लेकरांची घोड्यावरची फेरी वगैरे ७००.

सोमवार ते गुरुवार जा. त्याच्या आधी एकदा आम्ही शनिवारी, खोली न ठरवता गेलो होतो. एका रात्रीचे पाच हजार सांगितले. शेवटी दोन लेकरांना घेऊन रात्रीच खाली परतवाड्याला उतरलो, मुलगी गाडीभर रडली. आणि लेकरांना आधीच सांगून ठेवा की फोटोतले धबधबे पावसाळ्याचे असतात. मे महिन्यात डोंगर वाळलेले दिसतात. वर पाण्याची टंचाई असते, म्हणून खोली ठरवतानाच पाण्याचं विचारा. पण रात्री तिथं कूलर लागत नाही. अकोल्याच्या उन्हातून गेलेल्या माणसाला तेवढंही फार आहे.

ताडोब्याचं विचाराल तर कोअरमधल्या, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यातल्या, एका सफारीला जेवढे लागतात, तेवढ्यात आमचे चिखलदऱ्याचे तीन दिवस जवळपास झाले. मुलांना वाघ पाहायचाच असेल तर वेगळ्या वर्षी, बफरमध्ये, म्हणजे त्या गाभ्याबाहेरच्या जंगलात, आणि बंदचा वार आधी विचारून. तुम्हाला मंगरूळपीरहून शेगाव आणि लोणारही सोयीचं आहे. शेगावला दुपारचा महाप्रसाद मिळतो, लोणारला सरोवर आहे. उल्का आदळून झालेलं असं तळं लेकरांना दाखवायला मनालीला जावं लागत नाही. लोणारला मात्र सकाळी सातलाच खाली उतरा, दहानंतर ऊन सोसत नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, तरी लिहिते. आपल्याकडे लेकरांना सुट्टी असते, नणंदांना माहेर असतं, पुरुषांचं वावरातलं काम थोडं सैल असतं. घरातल्या बाईचं काम मात्र उन्हाळ्यात दुप्पट होतं. पहाटे चारला कुरड्यांचा चीक घोटायचा, दिवसभर पाहुण्यांच्या पोळ्या, रात्री उद्याचं दळण. चिखलदऱ्याला दुसऱ्या दिवशी मी सकाळी उठले आणि चूल पेटवायची नव्हती. मी अर्धा तास नुसती बाहेर पायरीवर बसले. लग्नानंतर असं कधी बसल्याचं मला आठवत नाही. म्हणून सहल स्वस्त करायची म्हणून गॅस-शेगडी सोबत नेऊन तिथंही घरच्या बाईला स्वयंपाकाला लावू नका. दुसरीकडे कुठंही काटकसर करा, यात करू नका.

आमच्या सासूबाईंनी शहात्तर वर्षं वावरातून उत्तरेला ती डोंगरांची निळी रांग पाहिली होती. निंदताना, वेचताना, रोज. वर कधी गेल्या नव्हत्या. देवी पॉइंटवरून खाली पाहत त्यांनी विचारलं, ‘आपलं वावर कोन्या आंगाले हाय?’ ह्यांनी दक्षिणेकडे हात केला. तिकडे नुसती धुरकट सपाट जमीन दिसत होती. त्या बराच वेळ तिकडे पाहत उभ्या राहिल्या.

तुमच्या आईंचं वय किती आहे ते लिहिलेलं नाही. पंच्याहत्तर पूर्ण असेल तर निघताना त्यांचं आधार कार्ड पिशवीत ठेवा, वाहक ते पाहतो. आणि शक्यतो मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन या. आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात म्हणून वेळ भरपूर वाटतो, पण जूनमध्ये वह्या, गणवेश आणि पेरणी एकदमच येतात.